एकतिसावी ओळ

१

रोज सकाळी सव्वानऊला मी यादी काढते. संगणक चालू करायचा, चहाचा कप माउसपासून लांब ठेवायचा (एकदा सांडून झालाय), आणि ठरलेली क्वेरी, म्हणजे माहितीच्या साठ्याला विचारायचा प्रश्न, चालवायची. आज ज्यांना फोन करायचाय ती सगळी माणसं नाव, गाव, नंबर यांसकट समोर येतात. त्यांच्या भागाप्रमाणे चार याद्या करायच्या आणि बाहेरच्या खोलीत बसलेल्या चौघींना पाठवायच्या. साडेनऊपर्यंत माझं निम्मं काम उरकलेलं असतं.

आमची संस्था ठाण्यात, नौपाड्याला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकटी राहणारी म्हातारी माणसं आमच्याकडे नाव नोंदवतात आणि आम्ही त्यांना रविवार सोडून रोज सकाळी एक फोन करतो. ‘बऱ्या आहात ना?’ एवढंच विचारायचं. हो म्हटलं की ‘बरी’ असं नोंदवायचं. नाही म्हटलं, किंवा दोनदा लावूनही फोन उचलला नाही, तर जवळपासचा कोणी कार्यकर्ता घरी जाऊन दार वाजवतो. साधं काम आहे. त्याने माणसं वाचलीही आहेत, निदान तीन तरी.

मी संचिता. वय चव्वेचाळीस, राहायला डोंबिवली पूर्वेला. या कार्यालयात क्वेरी लिहिता येणारी मी एकटीच, त्यामुळे वासरांत लंगडी गाय शहाणी. बेरीज दुप्पट का आली, असं विचारत कोणी आलं की मी न बघता सांगते, एका माणसाचे दोन नंबर असणार, दोन तक्ते जोडताना तो दोनदा मोजला गेला. नंबर नसलेली माणसं शोधली तर एकही का सापडत नाही? कारण रिकामी जागा कशाच्याच बरोबर धरली जात नाही, दुसऱ्या रिकाम्या जागेच्याही नाही. असे प्रश्न सोडवायला मला आवडतं. चूक नेहमी विचारणाऱ्याची निघते आणि उत्तर नेहमी माझ्याकडे असतं.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी आदल्या दिवसाच्या फोनांची नोंद तपासत होते. कोणी केला, कोणाला केला, किती वाजता, काय उत्तर आलं, असे चार रकाने. ‘कोणी केला’ या रकान्यात कर्मचाऱ्यांचे क्रमांक येतात, एक ते सहा. चौघी फोनवाल्या, पाचवी मी, सहावे सहदेव सर, आमचे संचालक. मी आणि सर कधी फोन करत नाही.

एका ओळीत ‘कोणी केला’ खाली ४१७ होतं. कोणाला, तर ५. वेळ दहा वाजून बारा मिनिटं. उत्तर, ‘उचलला नाही’.

मी चहा बाजूला ठेवला. चारशे सतरा कोण, हे शोधायला मला क्वेरी लागली नाही.

२

दोन महिन्यांपूर्वी मी यादी साफ केली होती. माणसं दोनदा नोंदली गेली होती. शिबिरात एकदा नाव दिलेलं, मग मुलाने येऊन परत दिलेलं, असं. नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख एक आणि भाग एक असेल तर तो एकच माणूस धरायचा, पहिली नोंद ठेवायची आणि नंतरची काढून टाकायची. मधलं नाव मी सोडून दिलं, कारण तो रकाना अर्ध्याहून जास्त रिकामा होता. एकतीस ओळी निघाल्या. मी त्यांच्यावरून वरवर नजर फिरवली आणि काढून टाकल्या.

आता जे सांगते ते मला तेव्हाही माहीत होतं. आमच्या यादीतल्या निम्म्या माणसांना आपली जन्मतारीख ठाऊक नाही. जे शाळेत गेले त्यांना गुरुजींनी एक जून दिली. ज्या गेल्याच नाहीत त्यांना आधार कार्डाच्या टेबलावर बसलेल्याने अंदाजाने साल विचारलं आणि एक जानेवारी टाकली. अख्खा जुना ठाणे जिल्हा दोनच दिवशी जन्मलाय, असा विनोद मी स्वतः चहाच्या वेळी केलेला आहे, आणि सगळे हसलेले आहेत. तरीसुद्धा मी त्या तारखेवर माणसं जुळवली.

ठाण्यापुढच्या दिव्याच्या जुन्या गावात, मिठागरं होती तेव्हापासूनच्या घरांत, दोन हौसाबाई म्हात्रे राहायच्या. तिथे घरटी म्हात्रे. दोघींची तारीख एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठेचाळीस. एक राघोची बायको, दुसरी धाकूची. दोघी विधवा, दोघी एकट्या. फोन नंबर वेगळे होते, पण म्हाताऱ्या माणसांचे नंबर बदलतातच. राघोच्या बायकोची नोंद आधीची, म्हणून ती राहिली. धाकूची हौसाबाई, क्रमांक ४१७, गेली.

एकतिसातल्या तीस बरोबर होत्या. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्याची लाज वाटते.

३

दिव्याची यादी कृतिकाकडे होती. तेवीस वर्षांची मुलगी, स्वतःही दिव्यालाच भाड्याने राहणारी. यादी साफ केल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या दाराशी आली.

“ताई, माझ्याकडे दोन हौसाबाई होत्या ना, आज पण एकच आलीय.”

“डबल होती. काढली.”

“पण मी दोघींशी बोलायचे.”

“एकाच बाईशी दोनदा बोलत असशील,” मी म्हटलं. मान वर न करता म्हटलं. मला त्या दिवशी दुसरं काहीतरी संपवायचं होतं, काय ते आता आठवत नाही. ती परत जागेवर गेली. ताईला जास्त कळतं, असं तिला वाटलं असणार. मीच तसं वाटायला लावलेलं होतं सगळ्यांना.

यादी साफ केल्यापासून बाराव्या दिवशी शेजारच्या केशरबाईंना वास आला म्हणून त्यांनी दार तोडायला लावलं. नळाला दोन दिवस पाणी नव्हतं, हौसाबाई मोरीतल्या पिंपातून पाणी काढायला वाकली असावी. पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस तरी जिवंत होती. फोन तिच्या हातात होता. साधा, बटणांचा, त्याची बॅटरी आठवडाभर टिकते. तिला फोन लावता येत नव्हता. हिरवं बटण दाबून आलेला घेता यायचा, तेवढा आमच्याच कार्यकर्त्याने शिकवला होता.

सहदेव सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कृतिका म्हणाली, नाव माझ्या यादीत नव्हतं, मी संचिताताईंना सांगितलेलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघून सांगते. आत गेले, बॅकअपमधून ती ओळ परत आणली, बदलाची तारीख राहू नये एवढं बघितलं, आणि सरांना पडद्यावर दाखवलं की नाव आहे. कृतिकाने सांगितल्याचं मला आठवत नाही, असंही म्हटलं.

तिला त्याच आठवड्यात काढलं. जाताना तिने मला नमस्कार केला. मी ‘सांभाळून जा’ म्हटलं.

४

तर ती ओळ.

रकाने अदलाबदल झालेत, असं मी आधी धरलं. हे नेहमीचं आहे, दोन आकडे उलटे पडतात. कोणीतरी पाच क्रमांकाच्या माणसाला फोन केला असेल. आमच्या यादीत पाच म्हणजे कल्याणचे सखाराम भोईर. पण सखारामांना त्या दिवशी साडेनऊलाच फोन झालेला होता आणि ते बरे होते. शिवाय ४१७ समोर मी स्वतः ‘मृत’ लिहिलेलं होतं. मृतांना माझी क्वेरी उचलतच नाही.

मी ओळ काढून टाकली. बुधवारच्या नोंदीत ती परत होती. दहा वाजून बारा मिनिटं, उचलला नाही. गुरुवारीही. रोज मी ती काढून टाकत होते. शुक्रवारी मी नंदाताईंना, म्हणजे फोनवाल्यांतल्या सगळ्यात जुन्या बाईंना विचारलं, तुमच्या पडद्यावर काही गडबड दिसते का. त्या म्हणाल्या, नाही बाई, आणि मग सहज म्हणाल्या की कृतिका त्या हौसाबाईला सव्वादहाच्या आसपास फोन करायची, म्हातारीची पूजा तेव्हा आटपायची. मी विचारलं नव्हतं तरी सांगितलं.

माझी खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. प्लायवूडची भिंत, लोखंडी कपाट, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीचे पाइप. बाहेरच्या चौघींचे आवाज भिंतीतून येतात, एकीचं ‘बऱ्या आहात ना’ संपायच्या आत दुसरीचं सुरू. टेबलावर एक फोन आहे, आतल्या आत बोलायचा, नंबर पाच, माझ्या क्रमांकाचाच. त्यावर कोणी फोन करत नाही, ज्याला माझ्याशी काम असतं तो हाक मारतो. त्याची घंटी मी चार वर्षांपूर्वी बंद केली, कामात व्यत्यय नको म्हणून.

सोमवारी दहा वाजता मी सगळं बाजूला ठेवून त्या फोनकडे बघत बसले. स्वतःचं हसूही येत होतं. दहा वाजून बारा मिनिटांनी फोनवरचा लाल दिवा लागला. विझला. लागला. विझला. असा बराच वेळ. मी मोजले नाहीत, पण आम्ही ज्यांना फोन लावतो त्यांना जेवढा वेळ देतो तेवढाच असावा. मग थांबला.

मी नोंद उघडली. नवी ओळ येऊन पडली होती.

५

भुतं मानणारी मी नाही. आमच्याकडे देवगडला एकेका वळणावर एकेक भूत आहे, आणि लहानपणापासून त्यांची मी टिंगल करत आलेय. मला वाटलं, कोणाला तरी कळलंय. कोणीतरी मला छळतंय, आणि छळायचा त्याला अधिकार आहे. हा विचार भुतापेक्षा वाईट होता.

मी साधा उपाय केला. तक्त्याला नियम घातला की ‘कोणी केला’ या रकान्यात कर्मचाऱ्यांच्या यादीत असलेलाच क्रमांक चालेल. असा नियम घालताना डेटाबेस आधी जुन्या ओळी तपासतो. एक जरी चुकीची असेल तर अडून बसतो, आणि आमच्या नोंदीत आता तशी एक होती, सोमवारची. ती मी मुद्दामच काढली नव्हती. मला तो अडलेला बघायचा होता.

तो अडला नाही. नियम लागू झाला, असं म्हणून मोकळा झाला.

मी दोनदा वाचलं. मग कर्मचाऱ्यांचा तक्ता उघडला. सहा ओळी असायला हव्या होत्या, सात होत्या. सातवी, क्रमांक ४१७, हौसाबाई धाकू म्हात्रे, दिवा. मधलं नाव भरलेलं होतं. काम, फोन करणे. कामावर रुजू झाल्याची तारीख मी यादी साफ केली त्या दिवसाची होती.

बाहेर नंदाताई कोणाला तरी गोळ्या वेळेवर घ्यायला सांगत होत्या. त्या ओळीवर कर्सर ठेवून मी बराच वेळ बसले. काढायला एक क्षण लागला असता. पण तिला एकदा काढलंच होतं, आणि पुन्हा काढायचं बळ माझ्यात नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी मी फोन उचलला.

कानाला लावल्यावर आधी काही नव्हतं. मग पाण्याचा आवाज, पिंपात थेंब पडतो तसा, आणि दूर कुठेतरी गाडीचा भोंगा. मग एक बाई बोलली. म्हातारी, थकलेली, पण घाई नसलेली.

“बरी हाय का गो?”

तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला तिचा क्रमांक, तारीख आणि भाग माहीत होता. तरी ती कोण, याविषयी मला शंका वाटली नाही.

“बरी आहे,” मी म्हटलं.

फोन बंद झाला. नोंदीत आलं, ४१७, ५, दहा वाजून बारा मिनिटं, ‘बरी’.

असं नऊ दिवस चाललं. मधल्या रविवारी कार्यालय बंद, तरी सोमवारी बघितलं तर रविवारची ओळ होती, ‘उचलला नाही’ म्हणून. रोज ती एकच प्रश्न विचारायची आणि रोज मी एकच उत्तर द्यायचे. रागाने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. खोटं बोलायला आपल्याला वेळ लागत नाही, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं. ‘बरी आहे’ माझ्या तोंडून इतक्या सहज निघायचं की लगेच पुढच्या कामाला लागता यायचं. मी घरी जेवत होते, भाजी घेत होते, बिल भरत होते. फक्त आंघोळीला गेले की मोरीचा कठडा धरून उभी राहायचे.

७

कृतिका आली ती गुरुवारी दुपारी. अनुभवाचं पत्र न्यायला. सर नव्हते, म्हणून नंदाताईंनी तिला माझ्याकडे पाठवलं. ती वाळली होती. एका ठिकाणी मुलाखत झाली, आधीची नोकरी का सुटली विचारलं, काय सांगू ते सुचलंच नाही, असं म्हणाली. पत्र मी छापून दिलं. ती उठली नाही.

“ताई, एक विचारू? तुम्ही परत एकदा बघाल का, ते नाव खरंच होतं का यादीत?”

“मी बघितलं होतं तेव्हाच.”

“हां. नाही, तुम्ही बघितलंत म्हणजे असेलच.” ती पत्राची घडी घालत राहिली. “मला आता आठवतच नाहीये नीट. मी तुम्हाला सांगितलेलं असं मला वाटायचं. पण कदाचित मी फक्त सांगायचं ठरवलेलं असेल. मीच विसरले असणार फोन करायला. म्हणजे मीच मारलं ना तिला?”

माझ्यासमोर दोन वाक्यांचं उत्तर होतं. मला ते येत होतं. इतक्या सहज सुटणारा प्रश्न माझ्याकडे कधी कोणी आणला नव्हता.

“होतं असं कधी कधी,” मी म्हटलं. “स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.”

तिने मान हलवली, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला. ते मला दिसलं. आजवर मी याहून वाईट काही केलेलं नाही, यादी साफ केली ते धरून.

८

शुक्रवारी दहा वाजता मी दार लावून घेतलं. बाहेर चौघींचं सुरू होतं. कृतिकाच्या जागी आलेली निशा अजून नवीन, प्रत्येकाला दोनदा विचारते.

लाल दिवा लागला. मी उचलला.

“बरी हाय का गो?”

मी तोंड उघडलं आणि सवयीचं उत्तर आलं नाही.

“नाही,” मी म्हटलं. “नाही बरी.”

पलीकडे थेंबाचा आवाज थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती दुसरं काहीतरी बोलली.

“मंग थांब तिथंच. मी येतंय.”

फोन ठेवल्यावर मी नोंद बघितली नाही. सरांच्या नावाने मेल उघडली. कोणत्या तारखेला मी यादी साफ केली, कशावर जुळवली आणि का चूक होती. कृतिकाने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी तिला उडवून लावलं. हौसाबाई गेल्यावर ओळ परत घातली ती मी. तुम्हाला दाखवलं ते खोटं होतं. कृतिकाला बोलवा. हे सगळं लिहायला फार वेळ लागत नाही, हेही मला तेव्हा कळलं.

अर्धं झालं असेल तेव्हा जिन्यावर आवाज आला. आमचा जिना लाकडी आहे, कोण वर येतंय ते पावलांवरून कळतं. हे पाऊल एक पडायचं आणि दुसरं ओढलं जायचं. मध्ये मध्ये थांबायचं. आमचा दिव्याचा कार्यकर्ताही अर्ध्या तासाच्या आत कुठे पोचत नाही. ती पाच मिनिटांत आली होती.

बाहेरच्या खोलीत कोणाचं बोलणं थांबलं नाही. निशा ‘ऐकू येतंय ना आजी’ विचारत होती. ओढलेलं पाऊल तिच्यामागून गेलं, टेबलांना धरत धरत, आणि प्लायवूडच्या भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज माझ्याकडे सरकत आला. मी टाइप करत राहिले. कृतिकाचा पत्ता लिहिला, नंबर लिहिला. शेवटी माझं नाव.

दाराच्या खाली चार बोटं फट आहे. मी नको म्हणत असताना माझी नजर तिथे गेली. नऊवारीचा काठ, भिजून काळा पडलेला. त्याखाली दोन पावलं. एकाची बोटं दाराकडे. दुसरं बाहेरच्या बाजूला पूर्ण वळलेलं, माणसाचं पाऊल वळूच शकणार नाही इतकं. फरशीवर पाणी जमत होतं.

मला तोंड झाकून ओरडावंसं वाटलं. पण त्याहून मोठी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. मी बरी नाही म्हटल्यावर ती आली होती. मोडक्या पायाने, दोन जिने चढून. तिच्याकडे बारा दिवस आमच्यातलं कोणी गेलं नव्हतं.

मी ‘पाठवा’ दाबलं. मेल गेली.

दारावर हळूच वाजलं. मग आतून उत्तर यायची वाट बघत ती उभी राहिली.

“आले, आजी,” मी म्हटलं, आणि कडी काढायला उठले.